मोटर वहिनी भरतात

माझ्या बायकोला हे माहीत नाही. आईला नाही. ऑफिसात कोणाला नाही, आणि मी सगळं सांगतो असं ज्या मित्राला वाटतं, त्यालाही नाही. चार वर्षं झाली, गोष्ट तोंडाबाहेर निघाली नाही. परवा एका गिऱ्हाइकानं सहज विचारलं, "तुमचा हा इन्व्हर्टर सुरुवातीला कुठे फेल गेला होता काय?" — आणि मी "नाही" म्हणालो. लगेच. त्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आधी. तेव्हापासून नुसती उठबस चालली आहे. चहा करतो, तो गार होतो. काम उघडतो, स्क्रीन तशीच राहते. म्हणून हे लिहून राहिलो.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. ओळखीच्या माणसाला सांगायची हिंमत नाही, हे आधीच कबूल.

मी जे केलं ते तीन शब्दांत मावतं. तीन शब्द बोललो मी, सात-आठ माणसांसमोर, दिवसाढवळ्या. आणि तिन्ही शब्द खरे होते. खोटं बोललो असतो तर निदान पकडला गेलो असतो — पण थांबा. एकदम सांगितलं तर त्यात वाईट काय ते तुम्हाला कळणार नाही. थोडं मागून यावं लागेल. की मी नुसता वेळ काढून राहिलो? तेही असेल.

मी सौंसरजवळच्या रामाकोन्याचा. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला पहिला, आणि आमच्या मोहल्ल्यात बी.ई. झालेला पहिला. हे मी मिरवतो. का मिरवू नये? बाप दुसऱ्यांच्या संत्र्याच्या बगीच्यात राबला, आई कापूस वेचायला गेली, आणि मी आज नागपूरच्या एका लहानशा कंपनीत इन्व्हर्टर डिझाइन करतो. विकत नाही, दुरुस्त करत नाही — डिझाइन करतो. गावात हा फरक कोणाला समजत नाही. लाइट गेली की पंखा चालवतो, तो इन्व्हर्टर लोकांना माहीत. आमचा वेगळा. आमचा बॅटरीवर मोटर चालवतो.

बॅटरीतला करंट सरळ, एकाच दिशेनं वाहणारा. थ्री-फेज मोटरला लागतो वर-खाली होणारा. मग इन्व्हर्टरच्या आतले सहा स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात आणि त्या सरळ करंटचे असे तुकडे पाडतात की मोटरला तो लाटेसारखा वाटतो. पण प्रत्येक उघडझापीत थोडी वीज गरमी होऊन वाया जाते. स्विच जितका रेंगाळत पलटेल तितकी जास्त. म्हणजे वीज वाचवायची तर तो झटक्यात पलटला पाहिजे. मी नवीन जातीचे, महागाचे, पटकन पलटणारे स्विच घेतले. त्यांना आवरून धरणारा रेझिस्टर कमी कमी करत नेला. आणि मोटरकडे जाणाऱ्या तिन्ही तारांवर लोक जे चोक बसवतात — लोखंडी गाभ्यावर तांब्याचे वेढे, चांगली जड वस्तू — ते काढूनच टाकले. तेही वीज खातात ना.

एवढ्या सगळ्यातून मी वाचवला अर्धा टक्का. तुम्ही हसाल. बापही हसला होता. "तीन वर्षं अर्ध्या टक्क्यापायी? आमच्या वजनकाट्यावर तं एवढं हवेनं हलते." पण आमच्या धंद्यात त्या अर्ध्या टक्क्यासाठी माणसं केस पांढरे करतात. माझ्या साहेबांनी तो आकडा पाहिला तेव्हा खुर्चीवरून उठून माझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेची जागा मला अजून सांगता येईल.

आता त्या झटक्याची खोड सांगतो. ज्यानं ओलित केलं आहे त्याला ती चटकन कळेल. लांब पाइपलाइनचा वाल्व्ह एकदम बंद केला की अख्खा पाइप धडाडतो, आणि फुटतो कुठल्या तरी भलत्याच जोडावर. तारेतही तसंच. स्विच एकदम पलटला आणि तार लांब असली, की धक्का तारेतून धावत जातो आणि पलीकडे, मोटरच्या तोंडाशी, आदळून मोठा होतो. तार दोन मीटरची असेल तर काही नाही. आमच्या टेस्टरूममध्ये तार दोन मीटरचीच होती.

पण एकदा जेवणाच्या सुट्टीत, सगळे कँटीनला गेलेले असताना, मी कोपऱ्यातलं केबलचं अख्खं बंडल मध्ये जोडून पाहिलं. कोणी सांगितलं नव्हतं. माझं मलाच राहवलं नाही. स्क्रीनवर मोटरच्या टोकाचं व्होल्टेज जवळजवळ दुप्पट उडत होतं. एकदा नाही — प्रत्येक पलटीला.

मी ते पाहिलं. नीट पाहिलं. मग केबल सोडवली, जशी होती तशी गुंडाळली, आणि जेवायला गेलो. वहीत लिहिलं नाही. साहेबांना बोललो नाही. बोललो असतो तर ते म्हणाले असते, चोक परत लाव. माझा अर्धा टक्का गेला असता.

हा झाला पहिला गुन्हा. पण हा तो नव्हे.

आमचं पहिलं गिऱ्हाईक पांढुर्ण्याचं. संत्र्याचं कोटिंग युनिट — संत्री धुवायची, मेणाचा हात द्यायचा, पट्ट्यावर मापानं निवडायची, पेट्या भरायच्या. ऐन आंबिया बहाराच्या तोडणीत लाइट गेली की सगळा पट्टा ठप्प आणि बाहेर ट्रक उभे. सेठला बॅटरीवर चालणारा पट्टा पाहिजे होता. गावाकडचं काम म्हणून साहेबांनी ते माझ्याकडे दिलं. सेठची एकच अट होती: बॅटऱ्या शेडमध्ये नको. "लकडी की पेटी, मोम, पुठ्ठे — एक चिंगारी पडली तं सारं गेलं ना भाऊ." म्हणून बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर अंगणाच्या पार पलीकडच्या खोलीत बसवले. नाली खोदून केबल टाकली. इलेक्ट्रिशियन तिकडून ओरडला, "पासष्ट मीटर लागली साहेब!" मी इकडून हात हलवला. ठीक आहे म्हणून.

लाइटीवर वर्षानुवर्षं चाललेली ती मोटर माझ्या इन्व्हर्टरवर सोळा दिवस चालली. सोळाव्या दिवशी धूर.

सेठला फार काही वाटलं नाही. मोटर जुनी होती, जळली. "भरून आणा." भरणं म्हणजे जळालेली तार कापून काढायची आणि तितकेच नवे वेढे पुन्हा घालायचे. मी म्हटलं, सौंसरला देवरावभाऊ आहेत, त्यांच्यासारखी मोटर कोणी भरत नाही, मी घेऊन जातो. आपल्या माणसाला काम मिळवून दिलं म्हणून मला तेव्हा बरं वाटलं होतं. देवरावभाऊंची आमची ओळख विहारातली. त्यांची बायको, प्रमिलावहिनी, लोधीखेड्याची. माझ्या आईच्या माहेरची.

बसस्टँडच्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं. बोर्डावर देवरावभाऊंचं नाव. समोर काउंटर, मागे पडदा. मी मोटर उतरवली तर भाऊ तिला हात लावेनात. नुसते इकडचं तिकडचं बोलून राहिले. पडद्याआडून आवाज आला, "अहो, आपल्या रामाकोन्याचाच पोरगा हाय. त्याच्यापाशी कायचा पडदा?" आणि वहिनी बाहेर आल्या. बोटांना वार्निश, कानामागे पेन्सिल.

भाऊंच्या उजव्या हाताला कंप सुटला होता. दोन वर्षं झाली होती. केसासारखी तार त्या हातात धरवत नव्हती. सगळ्या मोटरी वहिनी भरत होत्या. पंधरा वर्षं नवऱ्याला तार देता देता त्या सगळं शिकल्या होत्या, आणि नंतर त्याच्याही पुढे गेल्या होत्या — हे भाऊच हसत सांगत होते. "माह्यापेक्षा साफ भरते थे. पण कोनाले नोका सांगू भाऊ. बाईनं भरली म्हटलं का लोक मोटर उचलून नेतील."

मी म्हटलं, मी कशाला सांगू?

वहिनींनी मोटर उघडली आणि बराच वेळ आत पाहत राहिल्या. मग मला बोलावलं. "हे काहून असं जळलं, भाऊ? लोडानं जळते तं सारे वेढे सारखे काळे पडतात. इथं पाहा — आतून तार नवीकोरी हाय. फक्त तोंडापाशी, जिथून लाइन आत येते ना, तिथल्या पयल्या दोन-तीन वेढ्यायले भोकं पडले. सुईनं टोचल्यावानी." त्यांनी कापलेली तार माझ्या तळहातावर ठेवली. "तुमच्या मशीनीतून काही झटका येते काय?"

त्यांच्याजवळ व्होल्टेज दाखवणारा स्कोप नव्हता. आठवीपर्यंत शिकलेली बाई. टेस्टरूममध्ये मी स्क्रीनवर जे पाहिलं होतं, ते त्यांनी जळक्या तारेत वाचलं. मी काय करायला पाहिजे होतं? पाठ थोपटायला पाहिजे होती ना? मी म्हटलं, "पाहतो वहिनी." त्या म्हणाल्या, "पाहा. तवर मी पयल्या वेढ्यायले डबल कागद अन् वरून स्लिव्हची नळी चढवून देते. थोडीक तग धरंल." आणि ते आपल्या वहीत लिहून घेतलं. प्रत्येक मोटरीचं एक पान होतं त्यांच्याकडे.

ती मोटर लावली. चालली. मी नागपूरला परत गेलो आणि पाहतो म्हटलं होतं ते पाहिलं नाही.

मग एक दिवस सकाळी फोन आला. मोटर पुन्हा गेली. हंगाम भरात, दारात चार ट्रक, सेठ फोनवरच ओरडून राहिला होता. या वेळी साहेब स्वतः गाडीत बसले. मी त्यांच्या शेजारी. नागपूर ते पांढुर्णा मी एक शब्द बोललो नाही. त्या रस्त्यात मला वेळ नव्हता असं म्हणता येणार नाही.

देवरावभाऊंना आमच्या आधीच बोलावून घेतलं होतं. शेडच्या दाराशी मोटर उघडून ठेवली होती. भोवती सेठ, त्याचा मॅनेजर, इलेक्ट्रिशियन, दोन-तीन हमाल, एक ट्रक ड्रायव्हर. सेठ म्हणाला, "सीधा सांगा. भरणी खराब का इन्व्हर्टर खराब?"

भाऊ उठून उभे राहिले. एरवी हळू बोलणारा माणूस, पण त्या दिवशी खणखणीत बोलले. "भरणी चोख हाय, सेठ. मोटर पयल्याच वेढ्यात गेली, मांगच्या खेपेसारखी. खोट त्या डब्यात हाय." आणि माझ्याकडे हात केला. "इंजिनिअर साहेबाले विचारा. त्यायनं दुकानात आपल्या डोळ्यानं पाह्यलं हाय."

डबा. माझ्या तीन वर्षांच्या कामाला ते डबा म्हणाले. मला तो शब्द लागला — पण हे मी का लिहून राहिलो? शब्द लागला नसता तरी मी तेच केलं असतं. गाडीतच माझं ठरलं होतं की मी इन्व्हर्टरचं नाव घेणार नाही. फक्त मग काय बोलायचं ते ठरलं नव्हतं.

सगळे माझ्याकडे पाहून राहिले. साहेबही. भाऊ तर असे पाहत होते, जसं कोर्टात आपला साक्षीदार उभा राहिला आहे. मला खोटं बोलायची गरजच पडली नाही. मी म्हणालो, "मोटर वहिनी भरतात."

झालं.

सेठ म्हणाला, "कोण वहिनी?"

"ह्यांची बायको."

सगळे भाऊंकडे वळले. मग मॅनेजर हसला. "म्हणूनच! स्वेटर विणलं काय मोटरीत?" ड्रायव्हर हसला, हमाल हसले. सेठ हसला नाही, त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "देवराव, मेरा सीझन औरत के हाथ में दे दिया?" साहेबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान हलवली, कोडं सुटल्यासारखी. भोकं कुणी पाहिली नाहीत. मोटर तिथेच उघडी पडली होती, सगळ्यांच्या पायाशी. कुणी वाकलं नाही.

आणि देवरावभाऊ? ते भांडले नाहीत. त्यांनी उजवा हात खिशात घातला. डाव्या हातानं पाने-पक्कड गोळा केले, पिशवीत टाकले. एका हातानं पिशवीची चेन लावता येत नव्हती, तरी दुसरा हात बाहेर काढला नाही. ते गेले तेव्हा पिशवी उघडीच होती.

मी त्यांची चेन लावून द्यायला हवी होती, असं मला कितीदा वाटतं. पाहा माणसाचं! एवढं करून वर चेन लावून द्यायची होती.

अहवाल मीच लिहिला. 'रिवाइंडिंग अप्रशिक्षित व्यक्तीकडून झाल्याचे आढळले.' हेही खरंच. त्यांच्याकडे कुठे सर्टिफिकेट होतं?

एक गोष्ट मात्र मी अहवालात लिहिली नाही. मोटर किती चालली ते इन्व्हर्टर स्वतःच नोंदवून ठेवतो, आणि ती नोंद फक्त माझ्याकडे होती. कारखान्यातून आलेली भरणी माझ्या इन्व्हर्टरवर सोळा दिवस टिकली होती. वहिनींची एकतीस. तेवढाच लोड, तीच केबल. जवळजवळ दुप्पट. त्या दिवशी शेडमध्ये हा आकडा सांगितला असता तर मॅनेजरचं तोंड मिटलं असतं. कोणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही — असं मी स्वतःला बरेच दिवस म्हणत होतो.

पांढुर्ण्याची गोष्ट सौंसरला पोचायला किती वेळ लागतो? आम्ही नागपूरला पोचायच्या आधी ती पोचली असेल. जिनिंगवाल्यांनी आपल्या दोन मोटरी न भरताच परत नेल्या. पंपवाले शेतकरी दुसरीकडे जाऊ लागले. ज्यांच्या मोटरी त्यांनीच भरल्या होत्या, आणि ज्या आजही चालून राहिल्या असतील, तेही. आई मला फोनवर सांगायची. दुकानासमोरून जाताना पोरं ओरडतात म्हणे, "वहिनी, आमचा मिक्सर तरी भरून देता काय?" आई चिडून म्हणायची, "कोन्या मुर्द्यानं सांगतलं असंल रे?" मी म्हणायचो, माहीत नाही.

आईला माहीत नाही म्हणालो. माझ्या आईला.

भाऊंना मात्र माहीत होतं. वहिनींनाही असणारच. दोघांनी माझं नाव कुठेच घेतलं नाही. का नाही घेतलं? आमच्यातला एकच पोरगा एवढा शिकला, त्याचं नाव कशाला खराब करा — असं असेल? ह्या विचारापाशी आलो की मला खुर्चीत बसवत नाही.

त्यानंतरच्या एप्रिलमध्ये जयंतीला विहारात मला स्टेजवर बोलावलं. हार घातला. मी भाषण दिलं — मुलींना शिकवा, बाईच्या हाताला काम द्या, तिच्या कामाला मान द्या. चांगलं बोललो. वहिनी तिसऱ्या ओळीत होत्या, पांढऱ्या साडीत. त्यांनी टाळ्या वाजवल्या की नाही ते मी पाहिलं नाही. नाही — पाहिलं. वाजवल्या.

दुकान त्या पावसाळ्याच्या आत बंद झालं. भाऊ आता एका पेट्रोलपंपावर वॉचमन आहेत.

आणि इन्व्हर्टर? तो मी दुरुस्त केला. शांतपणे. परत गेल्यावर दहा दिवसांत, सेठनं आणलेली नवी मोटर जळायच्या आत, तिन्ही तारांवर चोक बसवले, रेझिस्टर वाढवला, माझा अर्धा टक्का माझ्या हातानं परत केला. साहेबांना म्हटलं, गावाकडे केबल लांब टाकतात, आधीच काळजी घेतलेली बरी. साहेब म्हणाले, "तू फार पुढचा विचार करतोस." साहेब वाईट माणूस असते तर बरं झालं असतं. ते चांगले आहेत. मी टेस्टरूममधली गोष्ट त्याच दिवशी सांगितली असती, तरी त्यांनी मला काढलं नसतं. रागावले असते, बस. म्हणजे मी नोकरीच्या भीतीनंही केलेलं नाही. माझ्या कामात चूक निघाली, हे सौंसरच्या एका दुकानदारानं चार लोकांत सांगावं — तेवढंच मला सहन झालं नाही. शिकलेला मी होतो ना.

अजून एक राहिलं. हे सर्वांत लाजेचं आहे, म्हणून शेवटी ठेवलं असेल. आमच्या इन्व्हर्टरबरोबर आता एक माहितीपुस्तक जातं. त्यात एक पान आहे: केबल लांब असल्यास मोटर भरताना पहिल्या वेढ्यांना दुहेरी कागद व वरून स्लिव्ह द्यावी. चांगलं पान आहे, वायंडिंगवाले त्याचे फोटो काढून एकमेकांना पाठवतात. खाली 'डिझाइन विभाग' लिहिलं आहे. डिझाइन विभाग म्हणजे मी. त्या वर्षी त्या पानासाठी मला सगळ्यांसमोर शाबासकी मिळाली.

गेल्या हंगामात सर्व्हिसिंगसाठी पांढुर्ण्याच्या त्या युनिटवर गेलो. इतके दिवस दुसऱ्याला पाठवत होतो. पट्टा चालू होता, दोन्ही बाजूंनी बाया बसून संत्री निवडत होत्या. डागी इकडे, बारीक तिकडे. तिसऱ्या जागी प्रमिलावहिनी. डोक्याला रुमाल, हात चालू. मला पाहून त्यांनी ओळखीची मान हलवली, जशी कोणालाही हलवतात. मी पळालो असतो, पण मला जायचं होतं त्या मोटरपर्यंतची वाट त्यांच्या अगदी बाजूनं होती.

"बरे हा ना, भाऊ?"

"हो वहिनी."

"आई?"

"बरी आहे."

त्यांचे हात थांबले नव्हते. मग त्यांनी मान थोडी तिरपी केली, पट्ट्याच्या टोकाकडे, जिथे मोटर होती. तिथून तो आवाज मला स्वतःलाही नीट वेगळा काढता आला नसता. मशीनची खडखड, बायांचं बोलणं, बाहेर ट्रक. त्या म्हणाल्या, "आता मऊ चालते. पयले बारीक शिटी मारे. तवा मी एक दिवस इथं येऊन बाहेरूनच आयकून गेली होती." एक डागी संत्रं बाजूला टाकत म्हणाल्या, "काय बदललं, भाऊ?"

एवढंच विचारलं. टोमणा नव्हता. ज्याला कामातलं कळतं, तो विचारतो तसं विचारलं. माझ्याभोवती इतकी वर्षं एवढे इंजिनिअर आहेत, त्यांतल्या एकानंही हा प्रश्न मला विचारलेला नाही.

मी म्हटलं, "काही नाही वहिनी. सॉफ्टवेअर."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि पुढचं संत्रं उचललं.

सॉफ्टवेअरला मी हात लावलेला नाही. तिन्ही तारांवर तीन चोक आहेत आणि स्विचांवर मोठे रेझिस्टर. ते आधी नव्हते, आणि ते मी काढले होते. मोटर वहिनींनी बरोबर भरली होती. हे मला त्या दिवशी शेडमध्ये उभा होतो तेव्हाही माहीत होतं.